गाडी किती वर्षं ठेवणार?

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांना जागा द्या, मांडी सैल सोडा. आज एका गाडीच्या रंगाची गोष्ट सांगतो. रंगाची म्हणजे प्रेमाचीच. पण यातलं प्रेम फार उशिरा तोंड उघडतं, तेव्हा धीर धरा. आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागेन, त्याला नाही म्हणू नका.

एक मुलगी होती. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून "आता कसं दिसतंय? आणि आता?" विचारायची. घरी ताट वाढतानाही पोरगी तेच विचारते, असं तिचे बाबा म्हणायचे. बाबा आगगाडीचे ड्रायव्हर, आता निवृत्त. नोकरीत असताना त्यांची डोळ्यांची तपासणी व्हायची, तेव्हा त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. ही लहानगी दारात बसून वाट पाहायची. बाबा पास झाले तर येताना खिशात गोळ्या असायच्या. आकडे पाठ करून पास झालेला त्यांचा एक सोबती होता. एका संध्याकाळी त्याने लाल सिग्नल ओलांडला. पुढचं बाबा कधी सांगत नसत. एवढंच म्हणत, "न दिसणं हा दोष आहे बाळ, गुन्हा नाही. दिसतं म्हणणं हा गुन्हा."

तर या मुलीच्या दुकानानं धरणापलीकडच्या शाळांमधल्या पोरांचे डोळे तपासायचं काम घेतलं. पहाटे धुक्यातून जायचं, तिन्हीसांजेला परतायचं. म्हणजे गाडी हवी. आणि गाडी म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे एकच रंग उभा राहिला... डाळिंबी लाल.

एका संध्याकाळी घरी जाताना ती गाड्यांच्या शोरूममागच्या मोकळ्या आवारातून आडवाटेनं निघाली होती. समोरून एक माणूस उलट्या पावलांनी चालत येत होता. नजर लांब उभ्या गाड्यांवर, ओठांवर आकडे. एक्केचाळीस... बेचाळीस... आणि त्रेचाळिसाव्या पावलाला त्याची पाठ तिच्या डब्याच्या पिशवीवर आदळली.

"अहो, मागे डोळे आहेत का?" ती म्हणाली.

"पुढच्यांचाच भरवसा नाही," तो वळून म्हणाला, आणि हसला.

तो हसला खरा, पण ते वाक्य तिनं थट्टा म्हणून सोडून दिलं. तिथेच चुकली ती. पण ते पुढे.

तो शोरूममधला विक्रीवाला. सगळे त्याला रंगोबा म्हणत. गाडी कुठलीही घ्या, रंग कुठला घ्यायचा ते रंगोबाला विचारून ठरवायचं, अशी त्याची कीर्ती. गिऱ्हाइकाला तो आधी एकच प्रश्न विचारी : गाडी किती वर्षं ठेवणार? चार-पाच वर्षांत विकणार असाल तर पांढरी घ्या, चंदेरी घ्या; परत विकताना डोळे झाकून जाते. जास्त ठेवणार असाल तर दिसण्याचा विचार करा. आपल्याला कशी दिसते त्याचा नाही... समोरून येणाऱ्याला दिसते का, त्याचा.

तिनं लाल म्हटल्यावर त्यानं मान हलवली. लाल घेऊ नका. दुपारी ती नवरीसारखी दिसते, पण दिवेलागणीला काळी पडते. डांबरावर काळी गाडी म्हणजे गाडी नाहीच. तिनं विचारलं, मग काय, पांढरी घेऊन रुग्णवाहिका म्हणवून घेऊ? तर म्हणाला, तुमच्या वाटेवर धुकं आहे, धुक्यात पांढरीही विरघळते.

"मग उरलं काय?"

"परत या," तो म्हणाला. "एका दिवसात रंग ठरत नाही."

ती परत गेली. मग पुन्हा गेली. एकदा तर काही कारण नव्हतं म्हणून छत्री विसरून आली, म्हणजे दुसऱ्या दिवशी कारण राहील. पण दुसऱ्या दिवशी तोच तिच्या दुकानाच्या पायरीवर उभा.

"तुमची काळी छत्री राहिली होती."

छत्री गडद लाल होती. ती हसली, तोही हसला. पण तिच्या हसण्यानंतर अर्ध्या क्षणानं. तो अर्धा क्षण तिला टोचला. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवला, आणि तिनं कूस बदलून तो बाजूला सारला. मन असंच असतं पाहा. जे पाहायचं नाही, तिकडे पाठ करून झोपतं.

दोन महिने असे गेले. घरी बाबांच्या कानावर रंगोबाचं नाव इतकं पडलं की ते म्हणाले, "तू गाडी घेते आहेस की गाडीवाला?" ती लाजली, पण नाही म्हणाली नाही. मग ठरलं की शनिवारी संध्याकाळी बाबा स्वतः येऊन गाडी बघतील. आणि गाडीसोबत जे काही बघायचं तेही.

त्याच आठवड्यात शोरूमच्या मालकांनी नवं खातं काढलं. ठोकर लागलेल्या गाडीचा एखादाच पत्रा रंगवायचा, तर रंग असा जुळवायचा की जोड दिसू नये. त्या खात्याचं प्रमुखपद रंगोबाला. पगार दीडपट. फक्त एक कागद हवा : डोळे तपासल्याचा दाखला. आणि तो मिळतो कुठे, तर चष्म्याच्या दुकानात.

गुरुवारी दुपारी तो तिच्या खुर्चीत येऊन बसला. चेहरा धुतलेल्या भांड्यासारखा, काही डाग नाही, काही भाव नाही. फळ्यावरची अक्षरं त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. मग तिनं ठिपक्यांचं पुस्तक काढलं. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत एक आकडा लपवलेला असतो; ज्याला लाल आणि हिरव्यातला भेद कळत नाही, त्याला तो सापडत नाही, नाहीतर भलताच सापडतो.

पहिलं पान. बरोबर. ते सगळ्यांनाच दिसतं.

दुसरं पान तिनं उचललं... आणि ते पूर्ण उलटायच्या आत उत्तर आलं. तिसऱ्याचंही तसंच, चौथ्याचंही. घोकलेल्या पाढ्यासारखी एका लयीत उत्तरं. पण तिच्या पुस्तकाची शिवण गेल्या वर्षीच उसवली होती, आणि सुटी पानं तिनं हाताला येतील तशी लावली होती. तो सांगत होता ते आकडे खरेच होते. फक्त ते दुसऱ्या पानांवरचे होते.

छत्री आठवली. तो अर्धा क्षण आठवला. ‘पुढच्यांचाच भरवसा नाही’ आठवलं. आणि सगळ्यांच्या मागून बाबांचा सोबती आठवला, ज्याचं पुढचं बाबा सांगत नसत.

तिनं पुस्तक मिटलं. दाखल्यावर त्याचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. रंगदृष्टीच्या ओळीशी पेन थांबलं.

"झालं?" त्यानं विचारलं. आवाज कोरडा.

"शिक्का नाही इथे," ती म्हणाली. "शनिवारी देते."

शिक्का तिच्या कोपराशीच होता. त्यानं तो पाहिला. तिनं पाहिलं की त्यानं पाहिला.

देवा, ते दोन दिवस. दोन शब्द लिहिले की त्याची बढती, दीडपट पगार, बाबांपुढे ताठ मान. आणि कुणाचा जीव तर जाणार नव्हता, फार तर एखाद्या गाडीचं दार वेगळं दिसलं असतं. शुक्रवारी तिनं दोनदा पेन उचललं, दोनदा ठेवलं. खरं लिहावं तर त्याचा घास आपल्या हातानं काढायचा. खोटं लिहावं तर बाबांच्या ताटात कुठल्या हातानं वाढायचं? बरं, तोंडानं विचारावं, तर मग कबुली तिनं काढलेली झाली, त्यानं दिलेली नाही. आणि तिला ती दिलेली हवी होती. त्यावरच तर सगळं अडलं होतं.

शनिवारी सूर्य टेकायला आला तेव्हा बाबा आवारात आले. इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागे. समोर लांब तीन गाड्या उभ्या : लाल, पांढरी, पिवळी. रंगोबानं नमस्कार केला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या पर्समध्ये तो कागद होता, आणि पर्स विटेसारखी जड लागत होती.

बाबांनी थेट विषयाला हात घातला. म्हणाले, मुलीला लाल आवडते, आणि तुम्ही म्हणता लाल दिसत नाही. मी उभा जन्म लाल बघून पोट भरलं. तो म्हणाला, तुमचा लाल आतून जळत होता, ही गाडी जळत नाही. माझ्याबरोबर मागे चला.

दोघं उलट्या पावलांनी चालू लागले, ती शेजारून. उजेड पावलागणिक उतरत होता. वीस... तीस... चाळिसाला लाल विटकरी झाली, साठाला काळी. ऐंशीला बाबा थांबले, डोळे बारीक केले. पांढरी राखाडी होऊन उरली होती. पिवळी होती तिथेच होती. लाल गाडीच्या जागी नुसता अंधाराचा तुकडा.

"हे तुम्हाला कसं कळलं?" बाबांनी विचारलं.

किती साधा प्रश्न. ‘बारा वर्षांचा अनुभव’, एवढं म्हणाला असता तर बाबा पाठ थोपटून घरी गेले असते. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं; बोटं शर्टाच्या टोकाशी चाळा करत होती... मग थांबली.

"मला लाल नेहमीच अशी दिसते," तो म्हणाला. "भर दुपारीसुद्धा. संध्याकाळी सगळ्यांचे डोळे थोडे माझ्यासारखे होतात, एवढंच."

बाबांची मान सावकाश त्याच्याकडे वळली.

मग तो बोलत गेला, थांबत, अडखळत. त्याला आत्यानं वाढवलं होतं. पोराला लाल-हिरवं कळत नाही हे तिनंच पहिल्यांदा ओळखलं, आणि कुणाला न सांगता त्याच्या शर्टांच्या कॉलरला आतून टाके घातले : एक टाका हिरव्याला, दोन लालला. फळ रंगानं निवडू नकोस, दाबून बघ, म्हणायची. एका संध्याकाळी ती कुणाच्या तरी लाल गाडीत वळणावर बसून होती, चाक बदलायचं चाललं होतं. मागून ट्रक आला. ट्रकवाला म्हणाला, गाडी दिसलीच नाही. सगळं गाव त्याच्या अंगावर धावून गेलं. एवढी लालभडक गाडी दिसली नाही म्हणतोस? एका अकरा वर्षांच्या पोरानं मात्र त्याच्यावर विश्वास ठेवला. त्यालाही ती गाडी कधी दिसली नव्हती.

"तेव्हापासून पावलं मोजतो," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "गुरुवारी मी आकडे पाठ करून आलो होतो. तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"मग तेव्हाच लिहिलं का नाही?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली.

बाबा फाटकाकडे चालत गेले. हात पाठीमागे, खांदे ताठ. ती चाल तिला ठाऊक होती. सोबत्याची आठवण निघाली की बाबा असेच अंगणात फेऱ्या घालत. फाटकाशी ते उभे राहिले. आवारातला दिवा लागला. कितीतरी वेळ तिला नुसती त्यांची पाठ दिसत होती.

मग ते परत आले.

"नोकरी जाईल?"

"नवं पद जाईल. जुनं मालक ठेवतील... बहुतेक."

बाबांनी मान हलवली. "ब्रेक उशिरा लावलात," ते म्हणाले, "पण सिग्नलच्या आधी थांबलात." आणि खिशातून हात काढून त्याच्या तळव्यावर काहीतरी ठेवलं. लिमलेटची गोळी होती. ती पाहिल्यावर मात्र मुलीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

बाबा पुढे गाड्यांकडे निघाले, मुद्दाम सावकाश. मागे ही दोघं. त्यानं आपला रोजचा प्रश्न काढला, रोजच्या सवयीनं.

"मग... किती वर्षं ठेवणार?"

"कायमची," ती म्हणाली. गाडीकडे न बघता.

त्याचे कान तांबडे झाले. ते त्याला दिसायचं कारण नव्हतं, तिला दिसलं.

"कायमची असेल तर विकताना काय येईल ते बघायचं नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पिवळीला गिऱ्हाईक कमी. पण धुक्यात हीच टिकते."

"मला पिवळीच हवी."

"लाल आवडते ना तुम्हाला?"

ती डोळे तपासणारी होती हो, तिला ठाऊक होतं. लाल त्याला काळी, हिरवी त्याला मातकट. पिवळा मात्र असा रंग, जो त्याला आणि तिला जवळपास एकसारखा दिसतो. पण हे तिनं सांगितलं नाही. पर्समधून कागद काढला, पिवळ्या गाडीच्या टपावर ठेवला आणि कोऱ्या ओळीवर लिहिलं : लाल-हिरव्या रंगांचा भेद कळत नाही. खाली सही केली. शिक्का तिनं येतानाच मारून आणला होता.

कागद त्याच्या हाती देताना बोटांना बोटं लागली, आणि कुणीच घाईनं मागे घेतली नाहीत.

पद दुसऱ्याला गेलं. मालक आठवडाभर घुश्शात होते. मग एका गिऱ्हाइकानं रंगोबाशिवाय गाडी घ्यायला नकार दिला, आणि ते निवळले. पुढच्या वर्षी लग्न झालं. आता नवऱ्याच्या कॉलरला टाके ती घालते. धरणाच्या वाटेवर पहाटे एक पिवळा ठिपका धुक्यातून सरकताना लोक पाहतात, लांबूनच पाहतात आणि बाजूला होतात.

आता माझं मागणं. दिवेलागणीला तुम्ही रस्त्यावर असाल, गाडीत असाल, पायी असाल. तेव्हा एक क्षण त्या आत्याची आठवण काढा, जिनं एका पोराचं न दिसणं टाक्यांनी सांभाळलं आणि जी स्वतः कुणाला दिसली नाही. तिचं नाव घ्यायची गरज नाही. नुसता दिवा लावा.