बारा वाजताचं चित्र

ए प्रभु, मोबाईल ठेव खाली. ऐकायचं तर नीट ऐका, न्हायतर जावा झोपायला. शिवशरण म्हणून माझा दोस्त हाय, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट. गेल्या साली सोळा मार्च, रविवार. सांच्याला माझ्या दुकानात इन्व्हर्टरची बॅटरी न्यायला आला. म्हणला, "आज लाईट गेली तरी कॉम्प्युटर चालू पायजे." सोलापुरात बसून उपग्रहाची चित्रं बघायची आन् वादळ येणार असलं की शेतकऱ्यांना, ऊसतोड्यांना फोन करायचा, हे त्याचं काम.

त्या रात्री उत्तरेची गार हवा खाली सरकत होती. आपल्याकडची ओली, उकाड्याची. दोन्ही जितं भिडतात तितं ढगांची रांग उभी राहती. अर्ध्या तासाला एक चित्र यायचं, कोपऱ्यात वेळ. रांग किती सरकली ते हा मोजायचा. त्याच्या हिशोबानं श्रीपूरला ती दोन वाजता पोचणार होती. तितं रानात ऊसतोड्यांच्या चाळीस कोप्या, म्हंजी झोपड्या. बारकी बारकी लेकरं. गारपिटीत पाचटाची कोपी टिकती व्हय?

पर पंधरा दिवसांमागं ह्यानंच त्यांना रात्री पळवलं, आन् थेंब पडला न्हाय. मुकादम रावसाहेबानं लई शिव्या घातल्या. तवापास्नं ह्याचा नियम, तीन चित्रं जुळल्याबिगर फोन करायचा न्हाय.

अकराला चित्र उघडलं. कोपऱ्यात वेळ... बारा.

काय म्हणलास प्रभु? पुढच्या तासाचं? व्हय, पुढच्या तासाचं. आन् रांगेचं तोंड बरोब्बर श्रीपूरवर.

शिवशरणला वाटलं, हे यशपालचंच काम. यशपाल त्याचा जोडीदार, लई चेष्टेखोर. मला तोंडघशी पाडायला जुनंच चित्र चिकटवलंय लेकानं! जुनी समदी चित्रं तपासली. कुटंच न्हाय. यशपालला फोन केला, तर तो अक्कलकोटला लग्नात. तरीबी ह्याचा इश्वास बसंना. अर्धा तास संशयात घालवला गाढवानं. अर्धा तास!

साडेअकराचं चित्र आलं. रांग माळशिरसच्या पुढं, श्रीपूर आता अर्ध्या तासावर.

तिसऱ्या चित्राची वाट बघितली न्हाय. फोन लावला.

"रावसाहेब, पाया पडतो, लेकरं उचला."

"उचलली की. आमी कवाच समाजमंदिरात आलोय. तुमी माणूस धाडला न्हवता का?"

"मी... कुणाला धाडलं न्हाय."

"मग कोण ओ सर? अंगावर घोंगडं. नखशिखांत भिजलेला. तोंडातनं शब्द न्हाय. घोंगडं झटकलं... गारा पडल्या. ते बघून उठलो आमी."

"तितं पाऊस हाय?"

"अजून... थेंब न्हाय."

बाराला गारपीट झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी शिवशरण तितं पोचला. कोप्या भुईसपाट. माणसं समदी जित्ती. आपण संशय घेत बसलो म्हणून तो लेकरांपुढं ढसाढसा रडला.

रावसाहेबाची नात प्रतिक्षा जवळ आली. त्या माणसाच्या घोंगड्यातली एक गार तिनं रात्री स्टीलच्या डब्यात ठेवली होती. ऊन तर असलं, की पत्र्याला हात लावू देत न्हवतं.

पोरीनं झाकण काढलं.

गार तशीच. डब्यात... पाणीबी न्हाय.