आतली बाई

एमआरआयच्या विभागात पूर्वी यंत्र चालवायला तिघी होत्या. एक लग्न होऊन गेली, दुसरी कंटाळून गेली आणि सगळा भार तिच्या एकटीवर येऊन पडला. पूर्वी घाबरलेल्या पेशंटशी ती दोन शब्द बोलायची, हात धरायची. आता टेबलावर झोपवायचं, हलू नका म्हणायचं, दार लावून काचेच्या अलीकडे यायचं आणि बटण दाबायचं, बस्स. विभागप्रमुख उंटावरून शेळ्या हाकत. "भराभर उरका बाई, बाहेर रांग लागलीय."

अशातच एक आजी यंत्रातून बाहेर येताना म्हणाल्या, "तुमच्या त्या बाईंनी हात धरला म्हणून निभावलं हो."

"कोणत्या बाई?"

"आत होत्या त्या. बोलल्या काही नाहीत."

भीतीने भास झाला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. पण मग एका ड्रायव्हरने तेच सांगितलं. नंतर एका शिक्षिकेनेही. "हात मात्र गार होता हं त्यांचा," शिक्षिका म्हणाली.

कुठेतरी पाणी मुरत होतं. आपल्यावर पाळत ठेवायला प्रमुखांनी कुणाला तरी पेरलंय, उद्या 'पेशंटला धीर देत नाही' म्हणून ठपका येणार, याविषयी तिला शंका उरली नाही. तिने सरळ तोंडावर विचारलं.

"सर, आत कुणाला पाठवता तुम्ही?"

"माणूस असता तर तुमच्याच हाताखाली नसता का दिला? थकलायत तुम्ही. रजा घ्या."

"आणि काम?"

सर मोबाइलमध्ये बघू लागले.

दुपारी मनगट दुखावलेले एक सुतारकाका आले. त्यांना झोपवून तिने खोलीचा कोपरा न् कोपरा धुंडाळला, टेबलाखाली वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. बाहेर येऊन तिने दाराला कुलूप घातलं. असं घालायचं नसतं, हे ठाऊक असूनही. किल्ली मुठीत घट्ट धरली.

यंत्र ठोकायला लागलं. काचेतून काकांचे पाय तेवढे दिसत होते.

ठोके थांबले. पडद्यावर चित्र उमटलं.

काकांचं मनगट. आणि त्यावरून वळलेली आणखी चार बोटं. बारीक, बाईची.

करंगळीशेजारच्या बोटाचं पेर मोडून वाकडं जुळलेलं.

ते पेर ती ओळखत होती. लहानपणी दारात चेंगरलं होतं.

तिने आपला डावा हात हळूच कोटाच्या खिशात घातला.

स्पीकर खरखरला.

"बाई," काका आतून म्हणाले, "हात का सोडलात?"