गवयाचं कुलूप

झोपायच्या वेळी मुलांना असलं काही ऐकवू नये, हे मी पुस्तकांत वाचलं आहे, अधोरेखितही केलं आहे. तरी वीज गेली, सासऱ्यांनी घसा खाकरला आणि मी तान्ह्याला खांद्यावर घेऊन दारातच उभी राहिले. त्याला थोपटत होते, असं म्हणायचं.

"भुताची नाही, घडलेली आहे," ते म्हणाले. "माझ्या दोस्ताची. लिफ्टचा मेकॅनिक होता."

"आजोबा, सगळी भुतं तुमच्याच दोस्तांना कशी भेटतात?" पुतणीने विचारलं.

"मोबाइल खाली ठेवलास तर तुलाही भेटतील. ऐक."

गुरुवारची रात्र. पौर्णिमा आदल्या दिवशी झालेली, साडेअकरा वाजून गेलेले. वॉचमनचा फोन आला, लिफ्ट अडकलीय, आत सुपरवायझरसाहेब आहेत. मेकॅनिकने हत्यारांची पिशवी उचलली, बायकोला सांगितलं, दार लावून घे, आलोच.

इमारतीचं नाव मात्र त्याने बायकोला सांगितलं नाही. गवयाचा जीव तिथेच गेला होता.

गवई म्हणजे त्याचा जोडीदार. लिफ्टच्या बोगद्यात तोंड घालून गायचा. "इथे आवाज घुमतो रे, बेसूरपण झाकलं जातं." मैत्री एका हिवाळ्याची. एका डब्यात जेवायचे, एकमेकांच्या टोप्या लपवायचे, शिडीवर बसून पोट दुखेपर्यंत हसायचे. मेकॅनिकची बायको म्हणायची, हा माणूस घरी कधी एवढा हसला नाही.

त्यांच्या कामाचा एकच नियम. तळाच्या खड्ड्यात जो उतरेल, त्याने मेन स्विच बंद करून त्यावर आपलं कुलूप घालायचं. चावी आपल्याच खिशात. गवयाच्या कुलपावर त्याच्या लेकीचं लाल नेलपॉलिश होतं, ओळखू यावं म्हणून.

त्या दिवशी गवई खड्ड्यात होता. वर कुणाला तरी घाई होती. लिफ्ट खाली आली.

सुपरवायझर म्हणाला, कुलूप घातलंच नव्हतं, स्वतःच्या चुकीने गेला. मेकॅनिक ओरडून सांगत राहिला, अरे, मग चावी त्याच्या खिशात कशी? पण कुलूप सापडेना. गवयाच्या लेकीला सगळे सांगू लागले, तुझा बाप निष्काळजी होता. मेकॅनिकने ती चावी स्वतःच्या जुडग्यात अडकवली. जपून ठेवली.

सासरे थांबले. तान्हा जागाच होता. आत जावं, असं मला वाटलं. पाय निघेना.

मेकॅनिक स्विचपाशी आला. टॉर्च मारला.

स्विच बंद. त्यावर कुलूप. लाल ठिपक्याचं.

"हे कुणी घातलं?"

वॉचमनने मान हलवली.

वरून सुपरवायझर दार बडवत होता. "उघड… चावी आहे ना तुझ्याकडे… लाव लवकर…"

मेकॅनिकने जुडगं काढलं. चावी बोटांत धरली.

तेवढ्यात खड्ड्यातून गाणं आलं.

हळू. बेसूर.

मेकॅनिकने चावी परत खिशात टाकली. आणि तो शिडीवर बसला. जिथे दोघे बसायचे, तिथे. अर्धी जागा सोडून.

"मी कापलं…" वरून आवाज आला. "कटरने कापलं… घाई होती… तुकडे माझ्या कपाटात आहेत, खालच्या खणात… त्याला थांबव रे…"

वॉचमनने ऐकलं. शब्द न् शब्द.

गाणं थांबलं.

मग… लिफ्ट हलली.

वीज बंद. स्विचला कुलूप. आणि लिफ्ट खाली येत होती. सावकाश. तळमजला आला… थांबली नाही. खड्ड्यापर्यंत गेली.

मग काहीच नाही.

"मेला?" पुतणीने माझा पदर धरला होता.

"श्वास चालू होता. बाकी काही उरलं नव्हतं. आजही नुसता बघत बसतो." सासऱ्यांनी चष्मा पुसला. "दुसऱ्या दिवशी पोलिसांनी कपाट उघडलं. खालच्या खणात कुलूप मिळालं. कडी कापलेली, दोन तुकडे, लाल ठिपका. लेकीने ओळखलं. बाप निष्काळजी नव्हता, हे पोलिसांनी तिला लिहून दिलं."

"आणि स्विचवरचं?"

"ते तिथेच होतं. अख्खं. मेकॅनिकने त्यावरून अंगठा फिरवला."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"नेलपॉलिश ओलं होतं."