तासाला चाळीस ग्रॅम

गुळाला दमट हवा सोसत नाही, हे कोल्हापुरात शेंबडं पोरही सांगेल. चार दिवस हवा ओली राहिली की ढेप पाघळते, आणि पाघळलेल्या गुळाला कुत्रं विचारत नाही. म्हणून भैरवीनं उचगावात, एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या जागेवर हवाबंद खोली बांधली. पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच. त्यासाठी पॉलिटेक्निकमधली कायमची नोकरी सोडली, तेव्हा अख्ख्या शिवाजी पेठेनं तिला वेड्यात काढलं होतं. आज दुपारी बाराला परदेशी गूळ पाठवणाऱ्या कंपनीच्या मुबशिरा मॅडम येणार होत्या. बंद खोलीतला दमटपणा चार तासांत दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढला नाही, तर खोली पास. वाढला, तर भैरवी बाईसाहेब पुन्हा खडू हातात घ्यायला मोकळ्या.

सकाळी सातलाच तिनं रंगीत तालीम सुरू केली. खोली रिकामी, दार घट्ट. आत भिंतीवर दोन तापमापक, त्यातल्या एकाला ओली वात गुंडाळलेली. हवा जितकी कोरडी, तितकं वातीचं पाणी भराभर उडतं आणि तो तापमापक तितका गार पडतो. दोघांतल्या फरकावरून हवेतली वाफ काढायची. काचेच्या झरोक्यातून आकडे दिसत होते: कोरडा अठ्ठावीस, ओला एकवीस. तिनं वहीत गणित मांडलं. दमटपणा त्रेपन्न टक्के, खोलीभर मिळून वाफ आठशे त्र्याहत्तर ग्रॅम.

आठ वाजता नऊशे तेरा. नऊ वाजता नऊशे त्रेपन्न.

"कुठनं येतंय मेलं हे पाणी?" भैरवीचं डोकंच फिरलं. दाराच्या फटीपाशी उदबत्ती धरून पाहिली, धूर सरळ वर गेला. वातीतून उडणारे दोनेक ग्रॅम तर तिनं आधीच वजा केले होते. शिवाय गळती असती तर आतबाहेर सारखं होत आल्यावर वाढ मंदावली असती. ही वाढ तसूभरही मंदावत नव्हती.

पायरीवर गुंडूमामा तंबाखू मळत बसले होते. चाळीस वर्षं याच गुऱ्हाळात रस आटवून गूळ करणारे गुळव्या होते, आता तिच्या खोलीची राखण करत.

"मामा, आत काय ठेवलंय का तुम्ही?"

"तांब्या हाय की, दाराआड. पाण्याचा. आन वर गुळाचा खडा."

भैरवीनं टाळीच वाजवली. सापडला चोर! "अहो मामा, जीव घेताय की काय माझा! कशाला ठेवला?"

"गुऱ्हाळावर आलेला माणूस गूळपाण्याबिगर जात न्हाय, ताई. आपली रीतच हाय ती."

तिनं दार उघडून तांब्या बाहेर आणला आणि बघतच राहिली. पाणी काठोकाठ होतं. खडाही जसाच्या तसा.

खोली पुन्हा बंद केली, पुन्हा आकडे घेतले. तासाभरात वाफ वाढली होती चाळीस ग्रॅम.

आता मात्र तिच्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नाही. अकरा वर्षं हाच आकडा तिनं फळ्यावर लिहिला होता. बंद खोलीत निवांत बसलेला एक माणूस श्वासातून, कातडीतून तासाला साधारण एवढंच पाणी हवेत सोडतो. धड्यातलं पहिलंच उदाहरण! ती एकटीच हसली. मग पोरकटपणानं अंगठीनं झरोक्यावर टकटक केली.

पुढच्या दहा मिनिटांत वाढ दुप्पट झाली. मग हळूहळू मूळ चालीवर आली.

"मामा! बघा, बघा हे!" तिनं वही त्यांच्यापुढं धरली. इतकं नवल तिनं उभ्या आयुष्यात मोजलं नव्हतं.

मामांनी वहीकडं पाहिलंच नाही. "दचकलं असंल," ते म्हणाले. "चूक माझीच हाय. पावण्याला आत ठेवून गूळपाणी देत न्हाईत. भाईर बोलवून द्यायचं असतंय."

त्यांनी तांब्या आणि खडा पायरीवर मांडला, दार सताड उघडलं, आणि टोपी काढून म्हणाले, "चला पावणं, भाईर या. गूळपाणी घ्या."

भैरवीच्या गालाला उबदार, ओली हवा चाटून गेली. मामांनी दार लावलं.

बाराला मुबशिरा मॅडम आल्या, चार वाजेपर्यंत झरोक्यासमोरच्या स्टुलावरून हलल्या नाहीत. वाफ वाढली नाही. एक ग्रॅमही नाही. "माशाल्ला, भैरवीताई," त्या म्हणाल्या, "अशी खोली मी आजवर बघितली नव्हती," आणि कागदावर सही केली.

भैरवीला आभाळ ठेंगणं झालं. घरी फोन लावला तर सहा वर्षांच्या वल्लरीनंच उचलला. "आई, पास झालीस?"

"झाले की गं! आलेच अर्ध्या तासात!"

निघताना तिनं मुबशिराला निरोप दिला, "या की एकदा घराकडं!" कोल्हापूरकराच्या तोंडून हे वाक्य आपसूकच निघतं, त्याशिवाय पाय उचलत नाही. तिची नजर पायरीवरच्या तांब्याकडं गेली. तो रिकामा होता, खडाही नव्हता. आनंदाच्या भरात ती हसून म्हणाली, "तुमी बी या की हो, पावणं! तांबडा रस्सा खायला!"

मुबशिरा हसली. मामा हसले नाहीत.

"ताई, गमतीत बी बोलवू नका. त्यांस्नी न्हाय म्हनता येत न्हाय."

बाहेर ऑगस्टची भुरभुर होती. भैरवीनं काचा वर घेतल्या, गाडी काढली. अजून उजेड होता. ती गुणगुणत होती.

पुलाच्या अलीकडं समोरची काच धुरकटली. तिच्यासमोर नाही. डावीकडं, रिकाम्या सीटसमोर. वाटीएवढा गोल.

तिनं श्वास रोखला.

गोल विरला. परत दाटला. परत विरला.

सवयीनं तिच्या डोक्यात आकडा आला. तिनं तो मोठ्यानं म्हटला नाही.

शिवाजी पेठेचं वळण आलं. गॅलरीत वल्लरी हात हलवत उभी होती.

काचेवरचं धुकं दुपटीनं वाढू लागलं.