तायी नावाचा टॅग

दुपारचे तीन वाजले होते आणि मी नेहमीसारखी लोकांच्या चुका निस्तरत बसले होते. आमच्या संकेतस्थळावर कोणीही फोटो टाकावा आणि त्याला मनात येईल तो टॅग लावावा. एक 'पूल' लिहितो, दुसरा 'पुल'. मी दोन्ही एकत्र करते, म्हणजे शोधणाऱ्याला सगळे पूल एकाच ठिकाणी सापडतात. शुद्धलेखनाच्या बाबतीत मी जरा खडूसच आहे.

त्या आठवड्यात 'तायी' हा टॅग मी दोनदा 'ताई'त मिसळून टाकला होता, फोटो न बघताच. तिसऱ्यांदा तो दिसला तेव्हा मी मिसळायची थांबले.

मला असं लिहायची माझी धाकटी बहीण. कान धरून शिकवलं तरी 'तायी'च. तीन वर्षांपूर्वी औषध आणायला गेली, ती परत आलीच नाही. आईने अजून आस सोडलेली नाही. खरं सांगू? मीही नाही.

मी टॅग उघडला. पाच फोटो, पाच वेगळ्या माणसांनी टाकलेले. औषधाचं दुकान. पूल. आमची गल्ली. आमचं फाटक. आमचा जिना. एकातही माणूस नव्हता. जिन्याचा फोटो दहाच मिनिटांपूर्वीचा होता.

पुलाचा फोटो टाकणाऱ्या फोटोग्राफरला मी फोन लावला.

"तायी? छे हो," तो म्हणाला. "मी नुसतं 'पूल' लिहिलं होतं. तो टॅग काढला तरी परत येतोय... तुमच्याकडेच कोणी खोडसाळपणा करतंय का?"

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. ती घरी येत होती. मी घरी फोन लावला.

"आई, दारात कोणी..."

"आली गं!" आई कुजबुजली. ती रडत होती. "आत्ताच आली. काही बोलत नाही, नुसती समोर बसलीय... तू ये. तुझीच वाट बघतेय."

मी उठलेच होते. तेवढ्यात पडद्यावर सहावा फोटो आला. आमचं स्वयंपाकघर. टेबलापाशी आई, कानाला फोन, पदराने डोळे पुसतेय. समोरची खुर्ची रिकामी. फोटो टाकणाऱ्याचं नाव नव्हतं. खाली टॅग होता, घाईघाईने लिहिल्यासारखा: तायी ती मी नाही येऊ नकोस.

दोनदा तिने हाक मारली होती आणि दोनदा मी तिचं शुद्धलेखन सुधारलं होतं.

"आई," मी हळूच म्हणाले, "घराबाहेर पड... आत्ताच्या आत्ता."

"काय गं बोलतेस हे? थांब, तूच बोल तिच्याशी."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.