टाकी भरलेली, पाय थांबलेले

सत्तेचाळिसाव्या किलोमीटरवर ऋजुता मगदूमच्या पायांनी काम थांबवले. सायकल ठीक होती, चाकांत हवा होती. दंडोबाच्या डोंगराचा माथा, म्हणजे शर्यतीची शेवटची रेषा, आठशे मीटरवर दिसत होता. तिला ताप नव्हता, पायात गोळा आला नव्हता. पाय फक्त फिरेनात.

चौघींच्या चौकडी शर्यतीत चौथीचे चाक ज्या वेळी रेषा ओलांडेल तीच संघाची वेळ धरतात. त्यामुळे पुढे गेलेल्या तिघी मागे फिरल्या. कर्णधार नाझनीन मुलाणीने एका हाताने आपले हँडल सांभाळले आणि दुसऱ्या हाताने ऋजुताची पाठ रेटत तिला माथ्यापर्यंत नेले. संघाची राज्य फेरी चाळीस सेकंदांनी हुकली. आता महिन्याने होणारी दुसऱ्या संधीची शर्यत तेवढी उरली होती.

हे डिसेंबर २०४७ मधल्या एका रविवारी घडले. सोमवारी सकाळी नाझनीनचा निरोप आला. ‘चढाच्या पायथ्याशी वेग मी वाढवला. चूक माझी आहे. उद्या सरावाला सरांना सांगून कर्णधारपद सोडते.’

ऋजुताने तो तीनदा वाचला. नाझनीनने वेग का वाढवला, हे तिला पक्के ठाऊक होते.

दुपारी ती आजोबांच्या खोलीत गेली. आप्पा मगदूम यांनी खेळाडूंच्या शरीरात काय काय घडते, याचा चाळीस वर्षे अभ्यास केला होता. कोपऱ्यात मागोवा उभा होता. हा तीन चाकांचा यंत्रमानव शर्यतीत संघाच्या मागून धावे आणि कोणाच्या अंगात किती इंधन उरले आहे ते कर्णधाराला कळवी.

“मागोवा, रविवारी सकाळी हिच्याकडे काय शिल्लक होतं रे?” आप्पांनी विचारले.

“चरबी सात किलो. सांगलीहून पुण्याला सायकलने पाच वेळा जाऊन येता येईल एवढी ऊर्जा. साखरेचा साठाही पूर्ण. म्हणून पायथ्याशी मी हिरवा दिवा दाखवला.”

“टाकी भरलेली आणि गाडी बंद! चल गं, बस सायकलवर.”

खोलीतल्या स्थिर सायकलवर बसवून आप्पांनी तिच्या नाकातोंडावर मुखवटा लावला. आत गेलेला प्राणवायू आणि बाहेर आलेला कर्बवायू मोजला, की शरीर कोणते इंधन जाळते आहे ते कळते. पहिली वीस मिनिटे सपाट रस्त्याचा वेग होता. ऋजुता मजेत पायडल मारत होती.

“जवळजवळ सगळी चरबीच जळते आहे,” मागोवा म्हणाला.

आप्पांनी चढ लावला. दोन मिनिटांत पाय रविवारसारखेच जड झाले आणि थांबले.

“साखरेचा साठा तळाला गेलेला आहे. माझ्या नोंदीशी हे जुळत नाही,” मागोवा म्हणाला. “माझी काहीतरी चूक झाली. माफ कर, ऋजुता.”

नाझनीनने माफी मागितली होती. आता यंत्रही मागत होते. ऋजुता मुखवटा काढायचे निमित्त करून खाली बघत राहिली.

आप्पांनी तिला पाणी दिले. “कसब्यातल्या गुऱ्हाळात गेलो होतो, आठवतं? रस उकळायच्या काहिलीखाली, चुलवाणात काय घालत होते?”

“उसाची वाळलेली चिपाडं.”

“बाजूला बाभळीचे एवढाले ओंडके पडले होते. ते का नाही घातले?”

“ओंडका हळू पेटतो. रस उकळायला एकदम मोठा जाळ लागतो.”

“झालं तर! चरबी म्हणजे ओंडका. साठा मोठा, दिवसभर पुरेल. पण जाळ मंद. शिवाय तेवढ्याच उष्णतेसाठी त्याला थोडा जास्त वारा घालावा लागतो. शरीराचा वारा म्हणजे प्राणवायू. चढावर तू आधीच धापा टाकत असतेस, जादा वारा आणणार कुठून? तिथे लागतात चिपाडं. म्हणजे ग्लायकोजेन (भात-भाकरीतून मिळालेली आणि स्नायूंत व यकृतात साठवलेली साखर). त्याचा साठा छोटा असतो. रोज खाऊन तो रोज भरावा लागतो.”

“पण एक लांब पल्ल्याचा सायकलपटू व्हिडिओत सांगत होता, भात-भाकरी सोडली की शरीर चरबी जाळायला शिकतं.”

“शिकतं की! तू शिकलीस, आत्ताच बघितलंस. संथ चालीला ते चालतंही. मोठी माणसं काही कारणाने, डॉक्टरांना विचारून तसं खातात. पण तुझी शर्यत चढावर ठरते आणि तुझं वय वाढीचं आहे.”

“माझं वजन पहिल्याच आठवड्यात दीड किलो उतरलं होतं,” ती पुटपुटली.

“त्यात पाणीच जास्त. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साखर गेली, पाणी गेलं. तू खूश झालीस.”

आपण भात-भाकरी सोडल्याचे आप्पांना अजून सांगितलेलेच नाही, हे तिच्या उशिरा ध्यानात आले.

“तुम्हाला कसं कळलं, आप्पा?”

“दारातली बिजली पूर्वी सायकलमागे चौकापर्यंत धावायची. तीन आठवड्यांत एवढी सुटलीय, की फाटकातून वाट द्यायलाही उठत नाही. म्हटलं, कुत्रीला भाकरी घालतंय कोण?”

हसू यावे असे ते बोलणे होते. ऋजुताला रडू आले. संघात प्रत्येकीने जेवण्याआधी ताटाचा फोटो मागोवाला पाठवायचा असे. ऋजुता दोन भाकऱ्या वाढून घेई, फोटो पाठवी आणि मग भाकऱ्या अंगणात नेऊन बिजलीपुढे टाकी. मागोवाने फोटो मोजले. त्याच्या हिरव्या दिव्यावर नाझनीनने वेग वाढवला.

“तुम्हीच सांगाल का तिला?”

“नाही,” आप्पा म्हणाले. “शास्त्र मी सांगितलं. हे तुझं तूच सांग.”

मंगळवारी ती सरावाला अर्धा तास आधी पोहोचली. नाझनीन मैदानाच्या कट्ट्यावर डबा उघडून बसली होती. शेजारी मागोवा होता. ऋजुताने उभ्यानेच सगळे सांगितले. भाकऱ्या, फोटो, बिजली. एकही गोष्ट गाळली नाही.

नाझनीनने हातातला घास डब्यात परत ठेवला.

“दोन रात्री झोपले नाही मी,” ती म्हणाली. “अब्बूंना म्हटलं, मला संघ चालवता येत नाही. आणि तू गप्प होतीस?”

“होते.”

“मला अजून राग आहे तुझा. लगेच जाणार नाही तो.”

“माहीत आहे. सरांनाही मीच सांगते. तू कर्णधारपद सोडू नकोस.”

नाझनीन मागोवाकडे वळली. “साठा भरायला किती दिवस लागतील?” तिने विचारले.

“नीट जेवली आणि विश्रांती घेतली, तर दोन-तीन दिवस. पूर्ण ताकदीने चढायची सवय परत यायला काही आठवडे.”

“शर्यत महिन्यावर आहे.” नाझनीनने ज्वारीची भाकरी मोडली आणि अर्धी, वर गुळाचा खडा ठेवून, पुढे केली. “बस. खा.”

मागोवाचा कॅमेरा सवयीने उघडला. “फोटो घेऊ?”

“नको,” नाझनीन म्हणाली. “मी बघतेय.”