मेलेला बोअर आणि जीपचा दणका

पहाटे केरबा आजोबांनी स्टार्टरची पेटी उघडली आणि हिरवं बटण दाबलं. 'खट' असा आवाज झाला. पण जमिनीखालून मोटारीची घरघर काही आली नाही.

आजोबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा नुसतंच 'खट'!

"शिवे, बॅटरी मार गं तिकडं."

नात शिवकन्येने बॅटरीचा झोत बोअरकडे टाकला आणि ती ओरडलीच, "आबा! केबलच न्हाई!"

घराच्या भिंतीपासून बोअरच्या तोंडापर्यंत रोज एक चपटी केबल पडलेली असे. आज तिथे धुळीत तिचा नुसता वळ उरला होता.

आजोबा मटकन उंबऱ्यावर बसले. "आता तिला काय सांगू मी?" ते हळूच म्हणाले.

'तिला' म्हणजे सरजाबाई आजीला. आजी थंडीतच गेली होती. बोअर गावाचा, पण त्याची नाडी कळली होती ती आजीला. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, तिथे कासारटाकळीची काय कथा! दिवसा बोअर खडखडीत कोरडा असायचा. पण रात्रभर आराम दिला, की पहाटे थोडा वेळ तो पाणी द्यायचा. तेवढ्यात गल्लीतल्या घागरी भरून व्हायच्या. पेटीची किल्ली आजीच्या कमरेला असे. आजी गेल्यावर आजोबांनी ती किल्ली आपल्या कमरेच्या करदोट्याला बांधली.

घागरी घेऊन बाया आल्या आणि रिकाम्या घागरींसह तिथेच थांबल्या. हळूहळू माणसं जमली. सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघू लागले.

"भंगारवाला आला होता काल!"

"भंगारवाल्याला काय ठावं केबल कुठं हाय ती? घरचाच कुणीतरी असंल!"

"आन् तो नांदेडचा पाहुणा? तो आला आन् केबल गेली!"

हा पाहुणा म्हणजे सुगत. शाळेला सुट्टी लागल्यावर तो नांदेडहून मावशीकडे आला होता. त्याच्या मामाचं नांदेडला गाड्यांना टेप बसवायचं दुकान होतं. सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळल्यावर तो कानापर्यंत लाल झाला.

तेवढ्यात किशनराव आले. गावात त्यांचा शब्द चाले. नव्या उदगीर जिल्ह्याच्या मागणीसाठी मोर्चा निघणार होता, आणि गावच्या समितीचे ते अध्यक्ष होते.

"केरबा, किल्ली तुझ्याकडं, पेटी तुझ्या भिंतीला, आन् केबल गेली तरी तुला पत्ता न्हाई?" ते म्हणाले. "संध्याकाळी पारावर बैठक घेऊ. तिथं किल्ली माझ्याकडं जमा कर."

आजोबांनी करदोटा मुठीत घट्ट धरला. शिवकन्येला ते दिसलं, आणि तिने ठरवून टाकलं. संध्याकाळच्या आत चोर सापडलाच पाहिजे!

*

"पहिला प्रश्न," पेटीखाली उरलेल्या केबलच्या टोकाशी उकिडवा बसत सुगत म्हणाला, "केबल कशाने कापली? हे बघ, काप एकदम साफ आहे. कुऱ्हाडीने तारा चेचल्या असत्या. हे पक्कडवाल्याचं काम!"

"दुसरा प्रश्न," वीरण्णा म्हणाला, "नाश्ता कधी?" वीरण्णा शेजारच्या घरातला, वयाने सगळ्यात लहान आणि भुकेने सगळ्यात मोठा.

"गप रे!" शिवकन्या खेकसली. तिने बोअरपाशी जाऊन तोंडातून आत डोकावलं. "इकडं चोरानं अगदी तोंडापाशी कापली रे. उरलेलं टोक घसरून आत गेलंय."

मग तिघांनी गाव पालथं घातलं. चोर तांब्यासाठी केबल जाळतात, म्हणून ओढ्यात राख शोधली. राख नव्हतीच. भंगारवाल्याला रस्त्यात गाठलं. त्याच्या हातगाडीत फुटके डबे आणि एक मोडकी सायकल होती. वर त्यानेच विचारलं, "क्या बच्चो, मेरेपे शक है?" तिघेही माना खाली घालून परत फिरले.

ऊन डोक्यावर आलं. तिघे चिंचेखाली घाम पुसत बसले असताना रस्त्याने किशनरावांची जीप आली. मागे भलीमोठी लांब पेटी, तिच्यात दणक्याच्या आवाजाचे दोन गोल स्पीकर, म्हणजे सबवूफर, शेजारी शेजारी. नरसिंग जीप चालवत होता आणि घोषणा गावभर घुमत होती, "नवा जिल्हा झालाच पाहिजे!" मागोमाग गाणं सुरू झालं. जीप पार वेशीपर्यंत गेली, वळली आणि परत आली.

सुगत एकदम उभा राहिला. "काहीतरी गडबड आहे!"

"कसली?"

"काल आठवा. दर थोड्या वेळाने गाणं बंद पडत होतं. नरसिंगकाका उतरायचे, शिव्या द्यायचे, परत चालू करायचे. आज एकदाही बंद पडलं नाही!"

"मग बरंच हाय की," वीरण्णा म्हणाला.

"अरे, बंद का पडायचं? सबवूफरला दणका द्यायला ॲम्प्लिफायर लागतो, आणि ॲम्प्लिफायर जीपच्या बॅटरीतून करंट ओढतो. वायर बारीक असली की करंट पुरत नाही. बारीक नळीला मोठा हौद भरायला लावल्यासारखं! मग तो स्वतःच बंद पडतो. आज बंद पडत नाही, म्हणजे रातोरात जाड वायर आली!"

शिवकन्येचे डोळे बारीक झाले. "जाड म्हंजे... बोअरच्या केबलीएवढी?"

तिघे पळतच जीपपाशी गेले. नरसिंग सावलीत विडी ओढत होता. जीपमध्ये मागे नवी कोरी रबरी मॅट अंथरली होती.

"काका, मॅट नवीन वाटतं?" शिवकन्येने विचारलं.

"तुला काय करायचंय?" नरसिंग ताडकन उठला. "चला, पळा! जीपला हात लावायचा न्हाई! इथं काय करून राहिलेत रे तुम्ही?"

मॅटचं नाव काढल्याबरोबर एवढा राग! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण राग म्हणजे काही पुरावा नव्हे. गाणं अजून वाजतच होतं. जाता जाता सुगतने सबवूफरच्या पेटीजवळ कान नेला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. बाजूला गेल्यावर तो कुजबुजला, "दोन सबवूफर, एवढा आवाज, तरी छातीत दणका बसत नाही. समजलं! शिवा, संध्याकाळी सगळं गाव पारावर येणार ना?"

"व्हय. किल्ली घ्यायला."

"मग जीपही तिथेच आणायची!"

*

संध्याकाळी पार माणसांनी भरला. एका अंगाला रिकाम्या घागरी घेऊन बाया उभ्या. मधोमध मान खाली घालून केरबा आजोबा. जीप आणायची गरजच पडली नाही; ती पारालाच लागली होती, कारण बैठक झाली की ती पुढच्या गावाला निघणार होती.

किशनरावांनी हात पुढे केला. "आण किल्ली."

"काका, एक मिनिट!" सुगत मोठ्याने म्हणाला. "मोर्चात आपल्या जीपची फजिती होणार आहे. तुमचे दोन सबवूफर एकमेकांशी भांडून राहिलेत!"

लोक हसले. नरसिंग भडकला. "आलाय मोठा शहाणा! मी स्वतः जोडलेत ते!"

"मग पैज लावा! एक सेल द्या कुणीतरी."

वीरण्णाने खिशातल्या बॅटरीतून सेल काढून दिला. किशनरावांना मोर्चाची काळजी होती. ते म्हणाले, "बघू दे रे पोराला." नाइलाजाने नरसिंगने पेटी पुढे ओढली. सुगतने ॲम्प्लिफायरमधून सबवूफरच्या वायरी सोडवल्या आणि पहिल्या जोडीला सेल टेकवला. सबवूफरचा काळा पडदा 'टप्' करून बाहेर आला. दुसऱ्या जोडीला टेकवला. तो पडदा आत गेला!

"बघितलं? याची लाल आणि काळी वायर उलटी आहे. एक हवा ढकलतो, तेव्हा दुसरा ओढून घेतो. दोघं मिळून आवाज खाऊन टाकतात! दणका येत नाही म्हणून तुम्ही आवाज वाढवत गेला, आणि करंट पुरेना झाला."

सुगतने वायरी अदलाबदल करून जोडल्या आणि आवाज अगदी हळू ठेवला. नरसिंगने गाणं लावलं.

धम्म! धम्म! पारावरच्या माणसांच्या छातीत दणका बसला. बायांच्या रिकाम्या घागरी एकमेकींवर खुळखुळू लागल्या.

"आयला!" किशनराव हरखले. "शाबास रे पोरा!"

नरसिंगचंही तोंड उघडंच राहिलं. तेवढ्यात सुगत सहज म्हणाला, "आता बॅटरीकडून येणारी वायर तापते का, तेवढं बघतो. ही मॅट..."

"मॅटला हात लावू नको!" नरसिंग किंचाळला.

नरसिंग सुगतकडे धावला, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने शिवकन्येने मॅट खसकन ओढली.

खाली चपटी केबल होती, तीन तारांची. आणि मधेच तिच्यावर लुगड्याचा हिरवा काठ घट्ट गुंडाळलेला होता.

"आबा, हे बघा!" शिवकन्या ओरडली. "शेळीनं कुरतडली तवा आजीनं टेप लावला, आन् वरून तिच्या लुगड्याचा काठ बांधला. मीच धरलं होतं टोक!"

आजोबा उठले, जीपपाशी आले. त्यांनी त्या काठावरून बोट फिरवलं.

"नरस्या!" किशनराव गरजले. "ही कुठून आणली?"

"तुम्हीच म्हणला ना, जाड वायर कुठूनबी आण, पण मोर्चात आवाज बंद पडला न्हाई पायजे!" नरसिंग रडकुंडीला आला. "मला वाटलं बोअर मेलाय! दिवसभर थेंब येत न्हाई त्याला. पडूनच हाय केबल, म्हणून घेतली. सकाळी कळलं, तवर बोंब झालती. लई भ्यालो."

"मेलाय?" घागर कमरेवर घेऊन पार्वतीबाई पुढे आल्या. "आरं मुडद्या, तुझ्या घरी रोज जे पाणी पितोस, ते कुठून येतंय रं? तुझी बायको पहाटं माझ्या पुढं लायनीत असती!"

नरसिंगने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"आन् किशनराव, तुमच्याबी घरचं तिथलंच!" पार्वतीबाईंनी ठणकावलं. "कधी घागर उचलली असती तर ठावं झालं असतं!"

बाया हसल्या. किशनरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग ते आजोबांपुढे आले.

"केरबा, चुकलं माझं. न विचारता तुझ्यावर आळ घेतला. किल्ली तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

"माझी न्हाई ती," आजोबा म्हणाले. "तिचीच हाय. मी नुसती सांभाळतो."

"आन् काका, ही केबल आता जीपला लागणार पण नाही," सुगत म्हणाला. "वायरी सुलट जोडल्यात. हळू आवाजातच दणका येतो, त्याला जुनी वायर पुरेल."

"म्हंजे चोरी फुकटच केली म्हण की!" वीरण्णा म्हणाला, आणि पार हास्याने दणाणला.

ज्या माणसाने सकाळी 'नांदेडचा पाहुणा' म्हणून बोट दाखवलं होतं, त्यानेच सुगतच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, तुला लई वाईट बोललो." पार्वतीबाईंनी शिवकन्येच्या तोंडावरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली. "सरजाबाईचीच नात शोभतीस गं!" वीरण्णाला कुणीतरी गुळाचा खडा दिला, आणि त्याने तो लगेच संपवलाही.

नरसिंगने स्वतःच्या हाताने केबल सोडवली आणि गुंडाळी करून आजोबांच्या खांद्यावर ठेवली. हिरवा काठ वरच राहील असा आजोबांनी ती फिरवून घेतली.

"पण आबा," घरी जाताना शिवकन्या म्हणाली, "दुसरं टोक तर बोअरमधी पडलंय."

"व्हय. सगळे पाइप वर काढावे लागतील. किशनरावानं रेणापूरला फोन लावलाय. पण मोटार काढणारी सगळी माणसं दुसरीकडं कामावर हायेत, मोकळी झाली की येतील. दुष्काळात सगळेच आपापला बोअर उघडून बसलेत."

आजोबांनी केबल भिंतीवरच्या खुंटीला अडकवली आणि करदोट्यावरची किल्लीची गाठ पुन्हा घट्ट केली. मोटार वर काढून केबल जोडायची अजून राहिली होती.